पेटीतले हंस

हंसाचे अंडे साधारण दीडशे ग्रॅम भरते; कोंबडीच्या अंड्याच्या अडीचपट. कवच जाड, रंग मळकट पांढरा, आणि हाताला लागणारे वजन असे, की त्याचा परिणाम थेट माणसाच्या विचारशक्तीवर होतो. कोंबडीचे अंडे पाहून ऑम्लेटखेरीज काही सुचत नाही. हंसाचे अंडे हाती आले की एरवी हिशेबी असलेल्या माणसालाही हे फोडण्यापेक्षा फुटू द्यावे असे वाटू लागते. घरगुती हंस-उबवणीचा उगम इथे आहे. तिच्यामागे व्यापारी गणित क्वचितच असते, कारण गणित करून पाहिलेला माणूस ब्रॉयलरकडे वळतो.

महाराष्ट्रात वाडीवर, फार्महाउसवर किंवा रिसॉर्टच्या तळ्याकाठी जे मोठे पांढरे पक्षी मान ताठ करून फिरतात, त्यांना लोक सरसकट राजहंस म्हणतात. हे पाळीव हंस. चोचीच्या मुळाशी गाठ असलेले ते चिनी वाणाचे. पूर्व आशियातल्या रानहंसापासून माणसाळवलेले. गाठ नसलेले युरोपी वाणाचे. तिकडच्या करड्या रानहंसाचे वंशज. आणि दोन्ही घराण्यांच्या सोयरिकीतून झालेलेही असतात. ते विकणाऱ्याच्या सोयीने कधी चिनी तर कधी युरोपी ठरतात. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला किंवा जायकवाडीला उतरणारा पट्टकदंब हा वेगळा पाहुणा. तो इथे चरायला येतो, अंडी लडाख-तिबेटकडे घालतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्यामुळे त्याचा इथे विचार नाही. दमयंतीकडे निरोप घेऊन गेलेला हंस कोणत्या वाणाचा होता, हा प्रश्नही इथे सोडून दिलेला बरा.

पहिली अडचण अंडी मिळवण्याची. हंसी वर्षभर अंडी देत नाही. चिनी वाणाची मादी हंगामात चाळीस ते साठ आणि युरोपी भारी वाणाची वीस ते चाळीस अंडी देते, तीही बहुधा एक दिवसाआड. शिवाय अंडे दिसले म्हणजे ते फलित असतेच असे नाही. हंसात नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखेच, त्यामुळे हौसेने विकत घेतलेली ‘जोडी’ ही पुष्कळदा दोन माद्यांची असते. त्या गुण्यागोविंदाने राहतात, वेळेवर अंडी घालतात, त्या अंड्यांवर निष्ठेने बसतातही. फक्त पुढे काही घडत नाही. खरी जोडी असली तरी पहिल्या हंगामातली अंडी कमी फळतात. भारी वाणांचा समागम पाण्यात बरा होतो, तेव्हा तळे नसेल तर प्रश्न आणखी वाढतो. हे सगळे माहीत असलेला विक्रेता ‘शंभर टक्के फलित’ असे छातीठोक सांगतो. अंड्याच्या आत डोकावायला अजून आठवडा असतो, आणि तो शब्द त्या आठवड्यापुरताच दिलेला असतो.

प्रवास करून आलेल्या अंड्याला एक दिवस निवांत पडू द्यावे. हादऱ्यांनी आतली हवेची पोकळी सैल होते. ती जागेवर यायला वेळ लागतो. साठवायचे असेल तर तेरा ते पंधरा अंशांच्या गारव्यात, आठवडाभर, रोज कूस बदलून. फ्रिज त्यासाठी जास्तच गार असतो. शिवाय फ्रिजमधल्या अंड्यांवर घरातल्या सर्वांचा समान हक्क असतो आणि रात्री अकरानंतर तो कोणीही बजावू शकतो. अंडे मळलेले असले तरी थंड पाण्याने धुऊ नये. कवचावर एक पातळ थर असतो, तो जंतूंना अडवतो. धुतल्यावर तो जातो, आणि गारव्याने आतला ऐवज आक्रसला की बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. स्वच्छतेचा कडक शिरस्ता असलेल्या घरांत पहिली काही अंडी याच शिरस्त्यापायी जातात.

आता उबवायचे कोणी? सर्वांत उत्तम म्हणजे हंसीने. ती आपल्या छातीची मऊ पिसे उपटून घरटे सारवते, महिनाभर बसते, दिवसातून थोडा वेळ उठून चरून-डुंबून येते आणि कोणाचाही सल्ला घेत नाही. ती बसायला तयार नसेल तर गावाकडे खुडूक कोंबडी बसवण्याची पद्धत आहे. एका कोंबडीखाली हंसाची चार, फार तर सहा अंडी मावतात. कोंबडीला ही अंडी चोचीने फिरवता येत नाहीत, म्हणून ती माणसाला फिरवावी लागतात, आणि खुडूक कोंबडीच्या पोटाखाली दिवसातून तीनदा हात घालणाऱ्याबद्दल कोंबडीचे मत फारसे चांगले राहत नाही. तिचा स्वतःचा हिशेब एकवीस दिवसांचा. हंसाला अठ्ठावीस ते पस्तीस दिवस लागतात. चिनी वाणाला तिसाच्या आसपास. काही कोंबड्या जास्तीचे दिवस निमूटपणे काढतात, काही मध्येच उठून जातात. पुढे पिल्ले पाण्यात शिरतात आणि त्यांची कोंबडी-आई काठावर उभी राहून त्यांना परत बोलावत राहते. हे दृश्य पाहणाऱ्यांना फार आवडते. कोंबडीला विचारलेले नाही.

पक्ष्याला बाजूला ठेवून अंडी उबवण्याची कल्पना जुनी आहे. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारो वर्षे कोंबडीची अंडी उबवली जात. तिथले कारागीर त्या उष्ण खोल्यांतच वावरत आणि थर्मामीटरशिवाय, अंडे पापणीला लावून, ऊब बरोबर आहे की नाही ते सांगत. फ्रान्समध्ये रेओम्यूरने, ज्याच्या नावाचे थर्मामीटर होते त्यानेच, १७४९ साली या विषयावर ग्रंथ काढला. त्यात शेणखताच्या उष्णतेवर पिल्ले काढण्याची रीत आहे. या इतिहासातला सर्वांत तळमळीचा प्रयोग मात्र लहानग्या थॉमस एडिसनच्या नावावर आहे. त्याच्या चरित्रात सांगितले आहे, की लहानपणी तो घरातून नाहीसा झाला आणि शोधल्यावर कोठारात सापडला. त्याने गवताचे घरटे केले होते, त्यात हंसाची आणि कोंबडीची अंडी गोळा केली होती आणि तो त्यांवर बसला होता. पिल्ले निघाली नाहीत. पुढे त्याने विजेचा दिवा बाजारात आणला आणि गावोगावच्या थर्मोकोलच्या पेट्यांत हंस उबवण्याची खरी सोय केली.

पेटीत फार काही नसते. थर्मोकोलचा खोका, चाळीस वॉटचा पिवळा बल्ब, तापमान पाहून बल्ब चालू-बंद करणारे छोटे यंत्र, जुन्या संगणकातला पंखा, पाण्याची वाटी आणि झाकणाला काचेची खिडकी. यातला बल्ब मिळवणे आता सर्वांत अवघड. दुकानदार एलईडी पुढे करतो आणि हा नको, गरम होणारा हवा, असे सांगितल्यावर गिऱ्हाईकाकडे काळजीने पाहतो. ज्या दोषापायी तो बल्ब दिवाणखान्यातून हद्दपार झाला, त्याच दोषावर तो पेटीत नोकरीला आहे. तयार यंत्रेही मिळतात. ती अंडी आपोआप फिरवतात. पण त्यांतले ट्रे बऱ्याचदा कोंबडीच्या मापाचे असतात. हंसाचे अंडे त्यात उभेही राहत नाही आणि आडवेही. ते मध्ये कुठेतरी अडकते.

पेटी ठेवायची जागा अशी हवी, जिथे ऊन येत नाही, वारा लागत नाही आणि कोणी येता-जाता झाकण उघडत नाही. पहिल्या दोन अटी पुऱ्या करणारी जागा घरात सापडते. तिसरी अट ही या संपूर्ण शास्त्रातली खरी अडचण आहे. पंखा असलेल्या पेटीत तापमान साडेसदतीस अंश ठेवायचे, बिनपंख्याच्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीला अडतीसच्या थोडे वर. यंत्र ते बहुधा नीट ठेवते. पण आकडा साडेसदतीसच आहे ना, हे पाहण्यासाठी माणूस झाकण उघडतो, उघडल्यामुळे आकडा पस्तिसावर येतो, पस्तीस पाहून माणूस घाबरतो आणि यंत्राचा खटका वर सरकवतो. तासाभराने एकोणचाळीस होतात. अंड्यातल्या जिवाला खरा धोका इथे असतो. थंडी तो सोसतो, कारण हंसीही रोज घरटे सोडून जाते. चाळिशीच्या घरातली उष्णता थोडा वेळ टिकली तरी तो संपतो. दुर्लक्षाने दगावणारी अंडी मोजता येतील इतकी, आणि काळजीने दगावणारी उरलेली.

म्हणूनच वीज गेल्यावर घरात जो गोंधळ होतो, त्याला फारसा आधार नाही. दिवे गेल्याबरोबर कोणी गोधडी आणते, कोणी गरम पाण्याच्या बाटल्या भरते, कोणी इन्व्हर्टर असलेल्या शेजाऱ्यांकडे वायर टाकता येईल का ते पाहायला गॅलरीत जाते, आणि या सगळ्यांना वाट दिसावी म्हणून एक जण पेटीचे झाकण उघडून मोबाइलचा उजेड आत धरतो. खरे तर झाकण बंद ठेवून वर गोधडी टाकली की तासभर काही बिघडत नाही. उलट विदर्भात मे महिन्यात वीज असूनही भागत नाही. बाहेर पंचेचाळीस अंश असताना थर्मोस्टॅट बल्ब बंद करण्यापलीकडे काही करू शकत नाही. त्याला तापवता येते, निववता येत नाही. चंद्रपुरात त्या दिवसांत पेटी कूलरसमोर ठेवावी लागते, म्हणजे उबवण्याच्या यंत्राला गार करण्याचे यंत्र लावावे लागते. हंसी स्वतः हे टाळते. तिचा हंगाम थंडी आणि थंडी सरतानाचा आहे, आणि माणसानेही तोच धरावा.

अंडी फिरवण्यामागचे कारण सरळ आहे. एकाच कुशीवर पडून राहिले तर आतला जीव कवचाच्या पडद्याला चिकटतो. म्हणून अंडी आडवी ठेवून दिवसातून तीन किंवा पाच वेळा अर्धी वळवायची. संख्या विषम हवी, म्हणजे रात्रीचा लांब पल्ला रोज वेगळ्या कुशीवर जातो. अढीतले आंबे रोज हलक्या हाताने परतणारी आजी घरात असेल तर हे काम निःशंकपणे तिच्याकडे सोपवावे. तिला दाबून पाहू नये एवढेच सांगावे लागते. कोणती कूस झाली हे कळण्यासाठी एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढतात. खूण पेन्सिलीची हवी, शाई छिद्रांतून आत जाते. लहान मुले असलेल्या घरात फुली-गोळ्याचा खेळ पुढे सरकतो आणि चौथ्या दिवशी अंड्यांवर नावे येतात. दहाव्या दिवसापूर्वी नाव ठेवू देऊ नये. नाव ठेवलेले अंडे रिकामे निघाले तर ते टाकून देण्यासाठी घरात बैठक घ्यावी लागते.

हंसी हे काम कसे करते याचा अभ्यास कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी करड्या हंसांवर केला आणि १९३८ साली प्रसिद्ध केला. घरट्याबाहेर घरंगळलेले अंडे दिसले की हंसी मान लांबवते, चोचीची खालची बाजू अंड्यापलीकडे टेकवते आणि ते सावकाश, डावी-उजवीकडे सावरत, आत ओढून घेते. मध्येच ते अंडे काढून घेतले तरी ती थांबत नाही. रिकामी चोच शेवटपर्यंत तशीच ओढत आणते आणि मग काम झाल्याच्या समाधानाने बसते. लाकडी अंडी ठेवली, भलतीच मोठी बनावट अंडी ठेवली, तरी ती त्यांनाही घरट्यात घेते. यावरून हंसीला अक्कल कमी असते असा निष्कर्ष काढणाऱ्याने पिल्ले निघून गेल्यावरही आठवडाभर पहाटे पाचला उठून रिकाम्या पेटीत डोकावणारा गृहस्थ पाहिलेला नसतो.

पहिल्या आठवड्यानंतर दोन कामे वाढतात, आणि ती कोंबडीच्या अंड्यांना लागत नाहीत. रोज दहा-पंधरा मिनिटे अंडी उघडी ठेवून निवू द्यायची आणि कोमट पाण्याचा हलका फवारा मारायचा. हंसी चरून, डुंबून, ओल्या पोटाने परत येते, त्याची ही नक्कल. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली यासाठी चालते. या वेळी पाहुणे आले तर स्पष्टीकरणात जाऊ नये. महिनाभर ऊब दिलेल्या वस्तूला रोज मुद्दाम गार का करतात, हे ऐकून घेण्याइतका वेळ चहाला आलेल्या माणसाकडे नसतो.

आर्द्रतेचे प्रकरण अधिक नाजूक. सुरुवातीला पन्नास ते पंचावन्न टक्के, शेवटच्या तीन दिवसांत पंचाहत्तरच्या पुढे. उबवणीच्या काळात अंड्यातले पाणी छिद्रांतून उडत जाते आणि बोथट टोकाची हवेची पोकळी वाढत जाते. पिल्लाला पहिला श्वास त्या पोकळीतच घ्यायचा असतो. पाणी कमी उडाले तर पोकळी तोकडी पडते आणि पिल्लू पाणथळ होऊन आतच गुदमरते. जास्त उडाले तर पडदा सुकून पिल्लाला चिकटतो. याची खातरजमा वजनावरून होते. कवच फुटायच्या वेळेपर्यंत अंड्याचे वजन साधारण चौदा टक्क्यांनी घटावे, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या अंड्याचे एकवीस ग्रॅम. कोकणात जुलैत हवाच इतकी ओली असते, की पेटीतली पाण्याची वाटी काढून टाकली तरी अंडी हट्टाने वजन धरून ठेवतात. मराठवाड्यातल्या कोरड्या मार्चमध्ये दोन वाट्या कमी पडतात. एरवी स्वतःच्या वजनाच्या काट्यावर वर्षानुवर्षे न चढलेली माणसे या काळात अंड्यांचा आलेख भिंतीवर लावतात आणि त्यांचे वजन घटत नाही म्हणून चिडतात.

सातव्या ते दहाव्या दिवसादरम्यान अंडी दिव्यावर धरून पाहायची असतात. खोलीत पूर्ण अंधार, बोथट टोकाला टेकवलेली बॅटरी, आणि भोवती घरातले सगळे. जिवंत अंड्यात एक काळा ठिपका आणि त्यापासून पसरलेल्या तांबड्या शिरांचे जाळे दिसते. रिकामे अंडे नुसते पिवळे उजळते, बलकाची सावली तेवढी हलते. मध्येच दगावलेल्यात रक्ताचे कडे दिसते. यात संशयाला जागा कमी आहे, पण पाहणाऱ्यांचे स्वभाव अंड्याइतके पारदर्शक नसतात. कोणाला सातव्या दिवशीच चोच दिसते. कोणाला बलकाच्या सावलीत धडधड दिसते. ‘हे थोडे उशिरा सुरू होणारे असेल’ असे म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतो, आणि त्याच्या शब्दाखातर एक स्वच्छ रिकामे अंडे पुन्हा पेटीत जाते. त्याचे पुढे काय होते, हे शास्त्राला चांगले माहीत आहे. साडेसदतीस अंशांत ते नासते, आत वायू साचतो, आणि एखाद्या दिवशी, शक्यतो दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना, ते फुटते. थर्मोकोलमध्ये तो वास कायमचा राहतो. यानंतर त्या घरात रिकाम्या अंड्यांबद्दल कोणी आशावादी राहत नाही.

पंचविसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा पाहिले तर अंडे काळेकुट्ट भरलेले दिसते आणि पोकळीच्या कडेशी काहीतरी सरकते. मग अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी फिरवणे बंद, गार करणे बंद, फवारा बंद, आर्द्रता वाढवायची आणि झाकण लावून टाकायचे. इतके दिवस हाताला काम होते. आता नेमके काहीच करायचे नसते, आणि माणसांची सर्वांत जास्त चुळबुळ याच तीन दिवसांत होते. काचेच्या खिडकीवर वाफ धरते, आतले दिसत नाही, आणि ती फक्त एकदाच पुसून घेण्यासाठी झाकण उघडण्याचे प्रस्ताव येऊ लागतात.

पिल्लू प्रथम आतला पडदा फोडून पोकळीत चोच घालते. फुप्फुसे चालू होतात आणि बंद अंड्यातून बारीक आवाज येऊ लागतो. शेजारची अंडी त्याला उत्तर देतात. पिल्ले मागे-पुढे न होता बरोबरीने निघावीत यात या बोलण्याचाही वाटा असतो. नंतर कवचावर तारेसारखी एक चीर पडते. चोचीच्या टोकाला असलेल्या एका टणक टोकाने पिल्लू ती पाडते. हे टोक पुढे काही दिवसांत गळून पडते. चीर पडली की घरात फोन सुरू होतात, आणि त्यानंतर बारा तास काहीही होत नाही. हंसाच्या पिल्लाला चीर पडल्यापासून बाहेर यायला एक ते दोन दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. या वेळात ते नुसते दमून पडलेले नसते. पडद्यातल्या रक्तवाहिन्यांतले रक्त आत ओढून घेतले जात असते आणि उरलेला बलक पोटात शिरत असतो. तो पुरा होण्याआधी बाहेरून कवच सोलले तर रक्तस्राव होतो. हे समजावून सांगितल्यावर घरातली मंडळी मान डोलावतात आणि सांगणारा झोपायला गेल्यावर सिझर करावे का, यावर हळू आवाजात चर्चा करतात. पेटीजवळ चिमटा ठेवू नये. चिमटा जवळ असला की तो वापरला जातो.

शेवटी पिल्लू अंड्याच्या बोथट टोकाभोवती गोल चीर पाडत जाते, टोपी ढकलते आणि बाहेर पडते. ते ओले, चिकट, मान न सावरणारे असते आणि त्याला पाहून जमलेल्या मंडळींत क्षणभर शांतता पसरते. फोटोतली पिवळी गोंडस पिल्ले वाळल्यानंतरची असतात. वाळेपर्यंत त्याला पेटीतच ठेवावे. पोटातला बलक दोन दिवस पुरतो, तेव्हा लगेच खायला लागत नाही. ही गोष्ट शास्त्रीयदृष्ट्या पक्की आहे, पण बाळ उपाशी आहे असे एकदा एखाद्या आजींनी ठरवले की शास्त्राचा टिकाव लागत नाही.

यानंतर जे घडते त्याचा बहुतेकांनी विचार केलेला नसतो. अंड्यातून निघालेले हंसाचे पिल्लू पहिल्या दिवसा-दोन दिवसांत जे हलते-बोलते त्याच्या मागे जाते आणि त्यालाच आई मानते. जर्मनीत ऑस्कर हाइनरोथने पेटीत उबवलेल्या पिल्लांबाबत हे १९११ साली नोंदले. लोरेन्झने त्याचे पुढे सविस्तर शास्त्र केले आणि १९७३ साली टिनबर्गन व कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह त्याला नोबेल मिळाले. व्हिएन्नाजवळच्या आल्टेनबर्गच्या घरी मार्टिना नावाच्या पिल्लाने काय केले, ते लोरेन्झने स्वतःच लिहिले आहे. ते निघताना तो पाहत बसला होता; मग त्याने ते रीतसर एका पाळीव हंसीच्या पोटाखाली सरकवले, आणि ते ओरडत बाहेर येऊन त्याच्याच मागे धावले. त्यानंतर रात्रीही ते मधूनमधून जागे होऊन ‘वी-वी-वी’ असे विचारी आणि भावी नोबेलविजेत्याला अर्धवट झोपेत ‘गांग-गांग’ असे उत्तर द्यावे लागे. उत्तर आले नाही तर आकांत.

घरगुती उबवणीत आई कोण होणार हे ठरवता येत नाही. महिनाभर वजने टिपणारा गृहस्थ नेमका ऑफिसात असतो आणि सकाळी फरशी पुसायला येणाऱ्या मावशींच्या फडक्यामागे पिल्लू चालू लागते. मग मावशींच्या सुट्ट्यांचा प्रश्न उभा राहतो. पिल्ले चार-पाच असली तर ती एकमेकांनाही धरून राहतात आणि माणसावरचा भार कमी होतो. एकच निघाले तर त्या माणसाला अंघोळीला जातानाही बाहेरून चाललेली हाक ऐकावी लागते.

पिल्लांची देखभाल तुलनेने सोपी. पहिल्या आठवड्यात बत्तीस ते चौतीस अंश ऊब, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. थर्मामीटर नसला तरी चालतो: पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कोपऱ्यात जाऊन धापा टाकू लागली तर गरमी. खाली वर्तमानपत्र घालू नये. त्यावर पाय घसरून कायमचे फाकतात. गोणपाट घालावे. पाण्याचे भांडे नाकपुड्या बुडतील इतके खोल आणि पिल्लू बुडणार नाही इतके उथळ हवे. दूध आणि पाणी वेगळे करण्याची हंसाची ख्याती ऐकून आलेल्यांची इथे निराशा होते. हा पक्षी पाणी, खाद्य, माती आणि स्वतःची विष्ठा पाच मिनिटांत असे एकजीव करतो, की ते वेगळे करणे कोणालाही शक्य नाही. ब्रॉयलरचे भरपूर प्रथिनांचे खाद्य चारत राहिले तर पंखांची टोके बाहेर वळतात. नायसिन कमी पडले तर पाय अधू होतात, त्यासाठी खाद्यात यीस्ट मिसळतात. बाकी हा जात्याच गवत खाणारा पक्षी आहे. पहिल्या काही दिवसांतच तो हरळी खुडू लागतो आणि गणपतीसाठी राखलेल्या दूर्वांचा वाफा त्याला आधी सापडतो. टबात पोहायला सोडून फोटो काढायचा मोह आवरावा. आईच्या पिसांतले तेल न मिळालेल्या पिल्लाची लव लवकर भिजते आणि ते गारठते.

निघताना शंभर ग्रॅमचे असलेले पिल्लू आठ-दहा आठवड्यांत तीन-चार किलोंचे होते, आणि फ्लॅटच्या गॅलरीतला संसार त्याच्या कितीतरी आधी संपतो. लिंग ओळखायची खात्रीची पद्धत शेपटीखाली पाहण्याची. ती जाणकारानेच करावी. मोठेपणी नराचा आवाज चिरका आणि मादीचा भरदार असतो, चिनी वाणात नराची गाठ मोठी असते, पण तोवर नावे रूढ झालेली असतात. बाजीराव नावाच्या हंसाने अंडे घातल्याची उदाहरणे नवी नाहीत. राखणदार म्हणून हा पक्षी चोख. इसवी सनापूर्वी ३९० च्या सुमारास रोमच्या टेकडीवर रात्री चढून येणाऱ्या गॉल लोकांची चाहूल कुत्र्यांना लागली नाही, हंसांना लागली, असे रोमन इतिहासकार लिव्हीने लिहिले आहे. हंस असले की साप येत नाही असेही आपल्याकडे मानतात. साप येतो की नाही ते सांगता येत नाही, मीटर पाहायला येणारा माणूस मात्र यायचा थांबतो. माणसाच्या हातून वाढलेला नर यात विशेष तरबेज, कारण त्याला माणसाची भीती नसते. घरच्या एकाला तो आई मानतो आणि उरलेल्या मनुष्यजातीला घुसखोर.

मग जागा असलेल्या नातेवाइकांना फोन जातात. गावाकडे ज्यांच्याकडे विहीर, थोडे गवत आणि कुंपण आहे, त्यांना या काळात फार आपुलकीने विचारपूस ऐकायला मिळते. पक्षी देताना दोन तरी द्यावेत, कारण हंस एकटा राहत नाही, दिवसभर ओरडतो. तो वीस वर्षे जगू शकतो, हे घेणाऱ्याला आधी सांगावे, आणि पेटीही मागितल्याशिवाय बरोबर देऊ नये.